चमच्यांच्या भांड्यातली काच

या, असे पुढे सरका. मागच्या भिंतीला पाठ टेकून ऐकायची गोष्ट नाही ही. पाय अवघडले तर मांडी बदला, मध्येच तहान लागली तर खुशाल उठून पाणी प्या, पण बसा जवळ. मी तुम्हाला दोन जावांची गोष्ट सांगणार आहे. तिच्यात देव आहे, दात आहेत आणि पातेलंभर रस्साही आहे. आता या तिघांचं एकमेकांशी काय नातं, असं म्हणाल, तर जरा धीर धरा.

थोरली जाऊ म्हणजे माझी मोठी काकू आणि धाकटी म्हणजे माझी आई. दोघी मिळून बस डेपोचं कॅन्टीन चालवायच्या. मी त्याच डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायचे. गाडी गेली का, येणार का, येणार तर कधी, याची उत्तरं देऊन घसा सुकला, की मागच्या दाराने कॅन्टीनमध्ये शिरायचे. अजूनही कुठे डिझेलचा आणि परतलेल्या कांद्याचा वास एकत्र आला, की माझी चाल आपोआप मंदावते. खिडक्यांवर वाफ धरलेली असायची. लांब बाकांवर ड्रायव्हर-कंडक्टर खांद्याला खांदा लावून जेवायचे, आणि त्यांच्या टोप्या टेबलाच्या मधोमध अशा पडलेल्या असायच्या, की उठताना हमखास अदलाबदल व्हावी. एकजण होता, त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याचा आवाज गाडीच्या हॉर्नपेक्षा मोठा. तो रांगेत उभा राहिला, की जेवणात काय आहे ते बाहेरच्या उतारूंनाही कळायचं.

कॅन्टीनचा एक नियम होता. काकूने चव घेतल्याशिवाय चुलीवरचं काहीही पुढे जायचं नाही. गाडी सुटण्याआधी डेपोतला माणूस जसा हात वर करून "सोडा" म्हणायचा, तसंच काकू करायची. पातेल्याशी जाऊन चमचाभर तोंडात घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "सोडा." मग झाकणं निघायची, रांग हलायची. चवीचे चमचे वेगळे होते, छोटे आणि लांब दांड्याचे. एकदा तोंडात गेलेला चमचा पुन्हा पातेल्यात जायचा नाही. तो शेजारच्या पाणी भरलेल्या भांड्यात पडायचा. संध्याकाळी ते सगळे चमचे माझी आई उकळत्या पाण्यात ओतायची. चव काकूची आणि चमचे उकळणं आईचं, अशी वाटणी होती, आणि ती कुणी बोलून ठरवलेली नव्हती.

ठरली होती ती अशी. आई लग्न होऊन आली, त्या सुरुवातीच्या दिवसांत काकूने तिला एकदा चव बघायला सांगितली. समोर सासरची एवढी माणसं. आईने ओठांना चमचा लावल्यासारखं केलं आणि खाली मान घालून म्हणाली, छान झालंय. रश्श्यात मीठच नव्हतं. दुपारभर डेपोने काकूचं डोकं खाल्लं. काकू रागावली नाही, फक्त म्हणाली, की लाजरी जीभ स्वयंपाकघरात कामाची नाही. त्यानंतर आईच्या हातात विळी आली, कढई आली, पिठाचे डबे आले. चमचा कधी आला नाही. माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी तो आला नव्हता.

आता देवाकडे येते. आठवड्यातून एका संध्याकाळी काकू प्रार्थनेच्या हॉलमध्ये कीर्तन करायची. दिवसभर वाफेत उभी राहिलेली ही बाई तिथे गेली की वेगळीच दिसायची. पेटीवाल्याने सूर धरला, की आधी नुसतीच उभी राहायची, लोकांकडे बघत, जणू पातेल्यात किती माणसांचं आहे याचा अंदाज घेतेय. मग हळूच गायला लागायची, आणि गाता गाता बोलायला. तिची एक गोष्ट मला फार आवडायची. देव भुकेल्या वाटसरूच्या वेषात दारोदार फिरतो आणि प्रत्येक घरी त्याला विचारतात, की बाबा, तू कोण, कुठला. एका घरी मात्र म्हातारी एवढंच विचारते, की तिखट चालतं का तुला. इथे हॉल हसायचा आणि काकू हसू ओसरायच्या आतच गाणं उचलायची, आणि हसणाऱ्यांचेच डोळे भरून यायचे. कसं करायची कोण जाणे. मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत, चांगल्या चांगल्यांची. पण तो एक प्रश्न मला अजून ऐकू येतो तो तिच्याच आवाजात.

तर अशा बाईचे दात. खालचे पुढचे दात तिचे पहिल्यापासून दाटीवाटीने उभे होते, शेवटच्या गाडीत घुसलेल्या उतारूंसारखे. एक पुढे, एक आडवा, एक दुसऱ्याच्या खांद्याआड. वय वाढलं तशी दाटी वाढली. गाताना जिभेची कड त्या आडव्या दाताला घासायची आणि कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी जिभेला फोड. हिरड्याही सुजायच्या, कारण त्या दाटीत ब्रश पोचायचाच नाही. काकू मिठाच्या पाण्याने चुळा भरायची आणि गप्प बसायची. मग एका संध्याकाळी, देव तिसऱ्या दाराशी पोचलेला असताना, ती मध्येच थांबली. रुमाल तोंडाला लावला. रुमालावर रक्त दिसलं. पेटीवाल्याने शहाणपणाने सूर लांबवला आणि तिने कशीबशी गोष्ट संपवली. पण म्हातारीचा प्रश्न त्या दिवशी हॉलच्या मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही.

मीच तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी नीट तपासलं आणि लपवाछपवी न करता सांगितलं: आधी हिरड्या बऱ्या करायच्या, मग दात सरळ करायचे. असंच चालू राहिलं तर पुढचे दात हलायला लागतील. गाणं तर राहूच द्या, बोलणंही जड जाईल.

काकूने एवढंच विचारलं, "कीर्तन राहील ना?"

राहील, डॉक्टर म्हणाल्या, पण सांगते तसं करावं लागेल. हिरड्या बऱ्या झाल्यावर त्यांनी काकूच्या दातांच्या मापाची पारदर्शक प्लास्टिकची कव्हरं मागवून घेतली, एकापुढची एक, ओळीने घालायची. प्रत्येक जोडी दातांना आधीच्या जोडीपेक्षा केसभर पुढे ढकलणार. त्या त्यांना अलायनर म्हणायच्या. आमच्या घरी पहिल्या दिवशीच त्यांचं नाव 'काच' पडलं. दिवसातले बावीस तास काच तोंडात. काढायची ती फक्त खाताना आणि दात घासताना. ती घालून गार पाणी तेवढं प्यायचं, चहा नाही. परत घालण्याआधी दात घासायचे. काढली की डबीत ठेवायची, कागदात गुंडाळायची नाही. धुवायची ती गार पाण्याने. गरम पाणी लागलं तर आकार बिघडतो.

काकू म्हणाली, म्हणजे तोंडाला टाळंच की. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, की टाळं नाही, पण किल्ली मात्र सारखी फिरवू नका.

पहिल्या कीर्तनात काच घालून उभी राहिली, तेव्हा तिचे शब्द जरा ओले झाले होते. पुढच्या रांगेतली पोरं खुसखुसली. तिने त्यांच्याकडे बघून सांगितलं, की देवाला बोबडं बोलणं पहिल्यापासून आवडतं, आणि पुढे गात राहिली. चार दिवसांत जीभ रुळली. कीर्तनाची अडचण नव्हतीच. अडचण कॅन्टीनमध्ये होती.

कारण चव. सकाळपासून दुपारपर्यंत काकू किती वेळा चमचा तोंडात घालायची, याचा हिशेब तिलाही नव्हता. रस्सा चढला की, उतरला की, भातावर वाढायच्या आधी, पातेल्याच्या तळाशी आल्यावर पुन्हा. दर वेळी काच काढा, चव घ्या, दात घासा, काच घाला. तोवर रांग दारापर्यंत. मग तिने सोपा मार्ग काढला. सकाळी कामावर आली की काच डबीत आणि डबी एप्रनच्या खिशात. घरी जाताना तोंडात. भोंगा तिला विचारायचा, "मावशी, काचेचे दात आज सुट्टीवर का?" ती म्हणायची, की तुझ्या तोंडाला सुट्टी मिळाली तर कानांना बरं.

पुढच्या तपासणीला मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, सांगितल्याप्रमाणे घालताय ना. काकू म्हणाली, घालते की. डॉक्टरांनी आरसा धरला आणि दाखवलं: नव्या काचेत दात पुरते बसत नव्हते, टोकाशी जागा राहत होती. जे दात एव्हाना सरकायला हवे होते ते जागचे हलले नव्हते. डॉक्टर रागावल्या नाहीत. पुढची जोडी लांबवली, आत्ता आहे हीच आणखी काही दिवस घाला म्हणाल्या, आणि हातमोजे काढता काढता सहज बोलल्या, की परवा मी तुमच्या कीर्तनाला मागे उभी होते. मला यापुढेही यायचंय.

परतताना काकू बसमध्ये खिडकीशी बसली. मग बाहेर बघतच म्हणाली, "पोरी, ज्या तोंडाने त्याचं नाव घेते ना, त्याच तोंडाने आज खोटं बोलले."

दुसऱ्या दिवसापासून काच तोंडात राहायला लागली. पण चमचाही सुटेना. चव घ्यायची वेळ आली, की काकू काच काढायची, आणि हात ओले, तेलकट, डबी खिशात खोल. मग समोर जे पाणी दिसेल त्यात काच टाकायची. समोर काय असायचं? चवीच्या चमच्यांचं भांडं. पाणी गारच होतं म्हणा. चव झाली की त्यातून काढायची, झटकायची, तोंडात घालायची. मी एकदा बघितलं आणि अंगावर काटा आला. म्हटलं, काकू, अगं उष्टे चमचे आहेत ते. ती म्हणाली, की माझेच उष्टे आहेत, दुसऱ्या कुणाचे आहेत?

आणि मग एका संध्याकाळी जे व्हायचं ते झालं. त्या दिवशी दोन गाड्यांची माणसं एकदम जेवायला आली होती, काकू धावपळीत. काच भांड्यात टाकली ती राहिलीच. आईने रोजच्यासारखं भांडं उचललं आणि चमच्यांसकट उकळत्या पाण्यात उलटं केलं.

मी दारातच होते. आईने चिमट्याने एकेक चमचा बाहेर काढला आणि शेवटी चिमट्यात काहीतरी मऊ, सुरकुतलेलं आलं, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं. ती बघतच राहिली. काकू मागून आली. तिने ओळखलं आणि तिचा आवाज चढला. बघून ओतता येत नाही का, म्हणाली. इतकी वर्षं झाली, एवढंही कळत नाही का, की पाण्यात काय आहे. एवढीशी वस्तू, तिच्यावर माझं सगळं टांगलंय, आणि तू...

आई नेहमी अशा वेळी मान खाली घालायची. त्या दिवशीही घातली. पण मग तिने ती वर केली. चिमटा तसाच हातात धरून विचारलं, "वहिनी, तुमची काच चमच्यांच्या भांड्यात काय करत होती?"

काकूचा हात एप्रनच्या खिशातल्या रिकाम्या डबीकडे गेला.

"तुम्हाला कीर्तन हवंय की चमचा?" आई म्हणाली. आवाज अजिबात मोठा नव्हता. "दोन्ही एका तोंडात मावत नाहीत. मला रोज दिसतंय ते. तुम्हाला सांगणार कोण?"

बाहेर एक गाडी मागे घेत होते, तिची टुकटुक तेवढी ऐकू येत होती. काकूने एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि बाकावर जाऊन बसली. आईने ती बिघडलेली काच कागदात गुंडाळली, डॉक्टरांना दाखवायला. मग तिच्याजवळ जाऊन बसली. मी आत जाऊन चहा टाकला. दुसरं काय करणार? काकूला तेव्हा चहा प्यायला हरकत नव्हती, तोंडात काच नव्हतीच. पण तिने कप हातात धरून तसाच गार केला.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दाराशी होतो. डॉक्टरांनी बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर हसू येत होतं ते त्यांनी आवरलं, हे मी पाहिलं. नवी बनून येईपर्यंत आधीची जोडी घाला, म्हणाल्या, नाहीतर दात पुन्हा मागे जातील. आणि या वेळी मध्ये खंड नको, इतकंच. काकूने विचारलं, अगदी एक चमचा चव घेतली तर? डॉक्टर म्हणाल्या, एक चमचा कुठे असतो मावशी, तुमच्याकडे भांडंभर असतात.

त्या दुपारी रश्श्याचं पातेलं उतरलं. रांग लागली होती, भोंगा सगळ्यांत पुढे. काकू पातेल्याशी गेली, सवयीने चमचा उचलला, आणि थबकली. मग वळून तिने तो आईपुढे धरला. आईने हात मागे घेतले. नाही वहिनी, म्हणाली, मला नाही जमायचं, मागच्या वेळी काय झालं ठाऊक आहे तुम्हाला. काकू म्हणाली, "तेव्हाची तू आणि काल चिमटा हातात धरून बोललीस ती तू, एकच का गं?"

आईने चमचा घेतला. या वेळी ओठांना लावल्यासारखं केलं नाही, चांगला भरून तोंडात घेतला. डोळे मिटले. काकू तिच्याकडे बघत होती, आणि मी काकूकडे. आईचा चेहरा कसनुसा झाला. मला वाटलं, संपलं. आता म्हणणार, छान झालंय.

आई म्हणाली, "थांबा."

कॅन्टीनमध्ये हा शब्द पातेल्यासमोर कुणी कधी ऐकला नव्हता. भोंग्याने विचारलं, गाडी बंद पडली काय. आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, की आंबट कमी आहे, कांदा गोडावर गेलाय. काकूचं नाक फार तिखट. नुसत्या वासाने सांगायची. तिच्या कपाळावर आठी आली, म्हणजे तिला तसं वाटत नव्हतं. तोंड उघडायला निघालीही. मग तिने गार पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला आणि बोलायचं ते पाण्याबरोबर गिळलं. आईने लिंबं पिळली, ढवळलं, दुसरा चमचा घेतला. भोंगा मागे वळून सगळ्यांना सांगत होता, की आज इंजिनाची तपासणी चाललीय. आईने पुन्हा डोळे मिटले, आणि म्हणाली, "सोडा." लहान आवाजात. पण झाकण निघालं आणि रांग हलली.

त्या दिवशी भोंगा दुसऱ्यांदा रस्सा घ्यायला आला आणि काहीच बोलला नाही. भोंगा बोलत नाही म्हणजे काय, ते सगळा डेपो जाणतो.

मग दिवस जात राहिले. नवी काच आली, तिच्यामागून पुढची आली. काकू जेवायच्या वेळी इतरांसारखी ताट घेऊन बाकावर बसायची, काच डबीत ठेवायची, आई चव घेऊन पाठवेल ते खायची, उठून दात घासायची आणि काच घालून पुन्हा कामाला. आधी तिला पातेल्याशी जाता येत नाही याचा त्रास व्हायचा. हातांना चाळा म्हणून ती कोथिंबीर निवडायची, इतकी बारीक, की कोथिंबिरीलाच वाटावं आपण काय पाप केलं. हळूहळू तेही कमी झालं. दातांची दाटी सुटली. जिभेला फोड यायचा थांबला. कीर्तनात देव तिसऱ्या दाराशी पोचला, चौथ्या दाराशी पोचला, आणि म्हातारीचा प्रश्न हॉलच्या बाहेर पायरीवर बसलेल्यांनाही ऐकू गेला. डॉक्टर मागे उभ्या असायच्या.

शेवटची काच उतरली त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आता फक्त झोपताना घालायची, तीही सोडायची नाही, नाहीतर दात जुन्या जागा शोधत येतात. दिवसा मात्र तुम्ही मोकळ्या.

काकू कॅन्टीनमध्ये आली तेव्हा आई पातेल्याशीच होती. आईने तिचं तोंड पाहिलं आणि समजली. तिने हातातला चमचा पुसला, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. घ्या वहिनी, म्हणाली, तुमचं तुम्ही सांभाळा आता. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, हे मी देवाशपथ सांगते. एखाद्याने सांभाळायला दिलेलं मूल परत द्यावं तसा होता तो आवाज.

काकूने चमच्याकडे पाहिलं. खूप पाहिलं. तिच्या मनात काय आलं असेल ते मी आजवर अनेकदा कल्पून बघितलंय. ती म्हणाली, "धाकटे, मला आता पहिल्यासारखी चव कळत नाही गं."

आणि ताट घेऊन रांगेत उभी राहिली, भोंग्याच्या मागे.

घरी ती माझ्या डाळीतली चिमूटभर हळद जास्त झाली तरी ओळखायची, शेवटपर्यंत.

आता ते कॅन्टीन नाही. तिथे बंद पाकिटातलं जेवण येतं आणि खिडक्यांवर वाफ धरत नाही. काकू जाऊन पुष्कळ दिवस झाले. पण तिला आठवणारे खूप आहेत. हॉलमध्ये तिची गोष्ट अजून सांगतात, तिची लकब उचलून गातात, आणि मीही ऐकायला जाते. तिच्यासाठी मला तुमच्याकडे काही मागायचं नाही. मागायचंय ते माझ्या आईसाठी. ती कधी गायली नाही, हॉलमध्ये तिचं नाव कुणी घेतलं नाही, आणि जेवण चांगलं झालं की पहिला चमचा कुणी घेतला, असं कोण विचारतं? तेव्हा एवढं करा. कुठे कुणाच्या हातचा गरम घास तोंडात गेला आणि त्यात काही कमी नाही, काही जास्त नाही असं वाटलं, तर पुढचा घास घेण्याआधी क्षणभर थांबा आणि तिची आठवण काढा.